घटस्फोटाच्या वेळी ठरलेलं घर आणि पोटगी मिळत नसेल तर: मुंबईत हुकूमनाम्याची अंमलबजावणी कशी करायची

परस्परसंमतीच्या घटस्फोटात सगळ्यांचं लक्ष शेवटच्या तारखेवर असतं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात दोघं सह्या करतात, हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम हुकूम) होतो, सुटलो म्हणत घरी जातात. ‘कन्सेंट टर्म्स’ची, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींची, सात-आठ पानं मग कपाटात पडून राहतात. काही महिन्यांनी पहिला हप्ता चुकतो, फ्लॅटच्या सहीसाठी ‘पुढच्या आठवड्यात’ सुरू होतं, तेव्हा ती पानं बाहेर निघतात.

हा लेख त्या टप्प्यावरच्या माणसांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा: तुमच्या हातात करार एकच असला तरी त्याची अंमलबजावणी एका अर्जानं होईलच असं नाही. पैशाची वाट वेगळी, घराची वेगळी, दागिन्यांची वेगळी. एकच ढोबळ अर्ज टाकला की कोर्ट विचारतं, नेमकं काय हवं? आणि तिथेच तारखा जायला लागतात.

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण सोबत ठेवू. कांदिवलीचा वन-बीएचके दोघांच्या नावावर. ठरलं असं: तो आपला अर्धा हिस्सा सहा महिन्यांत तिच्या नावे करून देईल, उरलेलं गृहकर्ज तोच फेडेल, दरमहा वीस हजार पोटगी देईल, शिवाय पंधरा लाख तीन हप्त्यांत. दागिने परत. पहिले पाच लाख दुसऱ्या मोशनच्या, म्हणजे कोर्टातल्या शेवटच्या तारखेच्या, दिवशी मिळाले. त्यानंतर पोटगीचे चार महिने आले आणि थांबले.

पहिलं काम: तुमचा कागद नेमका कोणता आहे

हुकूमनाम्याचं शेवटचं पान काढा. ‘कन्सेंट टर्म्स हुकूमनाम्याचा भाग राहतील’ अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे का? असेल तर त्या अटी म्हणजे कोर्टाचा हुकूम. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८अ प्रमाणे आणि कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १८ प्रमाणे तो दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदलं असेल तर तिथे कलम ३९अ आहे. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर तिथला निवाडाही दिवाणी हुकूमनामाच मानला जातो.

वाक्य नसेल, आणि अटी स्वतंत्र एमओयूत (समजुतीच्या करारात) असतील, तर गोष्ट बदलते. कोर्टाबाहेर नोटरीकडे केलेला एमओयू हा फक्त करार. त्याची थेट बजावणी होत नाही, आधी त्यावर दावा करून हुकूमनामा मिळवावा लागतो. पती-पत्नीमधल्या मालमत्तेचा दावा असल्यानं तो कुटुंब न्यायालयातच जातो आणि कराराच्या विशिष्ट पूर्ततेला, म्हणजे ठरलेली गोष्ट प्रत्यक्ष करून घ्यायला, मुदत तीन वर्षांची. ही मुदत करारात दिलेल्या तारखेपासून मोजतात. तारीख दिलेली नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. म्हणून ‘बघू, करतो’ वर वर्षं घालवू नका.

तिसरा प्रकार पोटगीच्या स्वतंत्र आदेशाचा: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांनी दिलेला आदेश. खूप जणींच्या फाइलमध्ये यातले दोन-तीन कागद एकत्र असतात. कोणती रक्कम कोणत्या आदेशातली, ते पेन्सिलीनं समासात लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

दुसरं काम: कागद आणि हिशेब

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून काढलेली प्रत वाचायला पुरते. दरखास्तीला, म्हणजे हुकूमनामा बजावून घेण्याच्या अर्जाला, मात्र प्रमाणित प्रत लागते, तिच्यासाठी नक्कल विभागात अर्ज करा. कन्सेंट टर्म्स हुकूमनाम्याला जोडलेल्या आहेत ना, हे प्रत हातात घेताना तिथेच पाहा.

मग हिशेबाचा तक्ता: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, बाकी. पुरावा म्हणून बँकेचं स्टेटमेंट. रोख मिळालेले पैसेही प्रामाणिकपणे दाखवा, कारण समोरून जीपेचा एक स्क्रीनशॉट निघाला आणि तुमच्या तक्त्यात तो नसला की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. हिशेबाचा नियम दुसऱ्या बाजूलाही तितकाच लागू आहे. हुकूमनाम्याची रक्कम कोर्टाबाहेर दिली तर ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे कोर्टात नोंदवून घ्यावी लागते. नोंद नसलेला व्यवहार दरखास्त चालवणारं कोर्ट सहसा धरत नाही. पैसे देणाऱ्यानं म्हणूनच बँकेतूनच द्यावेत आणि हप्ता पुरा झाला की नोंद करून घ्यावी.

वकिलाची नोटीस पाठवायलाच हवी असा नियम नाही. तरी एक पाठवावी असं माझं मत आहे, पंधरा दिवसांची मुदत देऊन, साध्या भाषेत, बाकीचा आकडा लिहून. पुढे ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव त्या नोटिशीनं बंद होतो. नोटिशीत अटकेच्या धमक्या, नातेवाइकांचे उद्धार वगैरे नको. तो कागद उद्या न्यायाधीश वाचणार असतो.

पैसा: दोन वाटा, दोन मुदती

पोटगी १२५ किंवा १४४ च्या आदेशातली असेल तर वसुलीचा अर्ज त्याच कलमाच्या पोटकलम ३ खाली करायचा. इथे घड्याळ कडक आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. चौदा महिन्यांची थकबाकी घेऊन गेलात तर पहिले दोन महिने या वाटेनं हातचे गेले. कोर्ट दंड वसुलीसारखं वॉरंट काढतं आणि तरीही रक्कम राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. ‘जेलमध्ये जाऊन आला, आता पैसे माफ’ असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, तिनं देणं फिटत नाही.

परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यातली पोटगी बहुधा या कलमाखालची नसते. तिच्यासाठी दिवाणी वाट: दरखास्त. मुदत बारा वर्षं, आणि हप्त्यांच्या बाबतीत ती प्रत्येक हप्ता चुकल्याच्या तारखेपासून वेगळी मोजली जाते. दरखास्त ज्या कुटुंब न्यायालयानं हुकूमनामा दिला तिथेच दाखल करायची. पती ठाण्यात राहतो, पगार तिथे, मालमत्ता तिथे, असं असेल तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे बजावणीसाठी पाठवून घेता येतो. हुकूमनाम्याला दोन वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला असेल तर आधी समोरच्याला नोटीस काढावी लागते, इतकाच फरक.

दरखास्तीत ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं लिहून भागत नाही. कोणत्या पद्धतीनं वसुली हवी ते तुम्ही सांगायचं असतं. पर्याय असे.

पगार. खासगी नोकरी असो वा सरकारी, कोर्ट थेट पगार देणाऱ्या कार्यालयाला कपात करून पाठवायचा हुकूम देऊ शकतं. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगाराचा मोठा भाग जप्तीतून सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे फक्त एकतृतीयांश पगार सुरक्षित राहतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. नोकरदार माणसाच्या बाबतीत याच्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. एकदा हुकूम एचआरकडे पोहोचला की दर महिन्याची मनधरणी संपते. कंपनीचं नाव आणि पगार विभागाचा पत्ता तेवढा बिनचूक द्या.

बँक खाती, मुदतठेवी, शेअर्स, भाड्याचं उत्पन्न हे सगळं जप्त होऊ शकतं. पीएफच्या खात्यातली रक्कम कायद्यानं संरक्षित आहे, तिच्यामागे लागून वेळ घालवू नका.

त्याचं काय कुठे आहे हेच माहीत नसेल तर? पैशाचा हुकूमनामा तीस दिवस फेडला गेला नाही की आदेश २१, नियम ४१ खाली अर्ज करा. कोर्ट त्याला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगतं, आणि ते टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. धंदेवाईक माणूस, ज्याचं सगळं भावाच्या नाहीतर आईच्या नावावर, त्याच्यासाठी हे हत्यार आधी काढा. मूळ अर्जाच्या वेळी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालानुसार दोघांनी उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रं दिली असतील तर ती फाइलमधून काढा. तेव्हा दाखवलेली मुदतठेव आता कुठे गेली, हा प्रश्न तुम्हाला आयता मिळतो.

शेवटी अटक. ती पैशाच्या हुकूमनाम्यात मिळते, पण ऐपत असून देत नाही हे दाखवावं लागतं. पाच हजारांवरच्या रकमेला कमाल तीन महिने. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक होत नाही, त्यामुळे पतीनं पत्नीकडून रक्कम वसूल करायची असेल तर हा मार्ग बंद आहे, बाकीचे खुले.

पुढच्या तारखांचे धनादेश घेतले असतील आणि एखादा वटला नाही तर दरखास्तीच्या जोडीला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची तक्रारही करता येते. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, त्यानंतर पंधरा दिवस वाट, मग एका महिन्यात तक्रार. यातला एक दिवस चुकला तरी अडचण होते.

घर: सगळ्यात जास्त अडकतं ते इथे

आपल्या उदाहरणात सहा महिने उलटले, तो सही करायला येत नाही. यासाठी त्याच्या पाया पडायची गरज नाही, पोलिस ठाण्यात जाण्याचीही नाही. आदेश २१, नियम ३४ वाचा. दस्त करून द्यायचा हुकूम असताना समोरचा टाळाटाळ करत असेल तर दस्ताचा मसुदा तुम्ही तयार करून कोर्टाला द्यायचा. कोर्ट तो हरकतींसाठी त्याला पाठवतं. हरकती ऐकून, लागल्यास बदल करून, कोर्ट तो योग्य मुद्रांकावर मागतं, आणि मग न्यायाधीश किंवा कोर्टानं नेमलेला अधिकारी त्याच्या वतीनं सही करतो. नोंदणी करून घ्यायची जबाबदारीही त्याच नियमात कोर्टाकडे आहे. त्याच्या सहीइतकीच ती सही चालते.

पण याला दोन गाठी आहेत.

पहिली शब्दांची. ‘फ्लॅट पत्नीकडे राहील’ एवढंच लिहिलं असेल तर दस्त करून द्यायचा हुकूम त्यात आहे का, यावरच वाद होतो. बजावणी करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. जे लिहिलेलं नाही ते तिथे मिळत नाही. आणखी एक: अट बंधनकारक कृती करायला लावणाऱ्या मनाईहुकुमासारखी असेल तर मुदत बारा नव्हे, तीन वर्षांची. म्हणून घराची दरखास्त तीन वर्षांच्या आतच टाका, म्हणजे तो वाद उभाच राहत नाही.

दुसरी गाठ मुद्रांक आणि नोंदणीची. नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट आहे, पण तडजोडीतली स्थावर मालमत्ता त्या अर्जाचा विषय असेल तरच. घटस्फोटाच्या अर्जात फ्लॅटचा उल्लेखच नव्हता आणि तो फक्त कन्सेंट टर्म्समध्ये आला, तर नोंदणी टळत नाही. नोंदणी टळली तरी मुद्रांक टळतोच असं नाही: महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात मालमत्ता हस्तांतरित करणारा दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाही अभिहस्तांतरणात (मालकी देणाऱ्या दस्तांत) मोडतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या रुबी सेल्स निकालात तडजोडीच्या हुकूमनाम्याला मुद्रांक लागतो हे मान्य केलं. किती लागेल ते मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे ॲडज्युडिकेशन करून ठरवून घ्या, अंदाजावर राहू नका.

आणि इथे वेळेचा मोठा फरक पडतो. राहतं घर पतीनं पत्नीला बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. हुकूमनाम्याच्या दुसऱ्या दिवशी ती कायद्यानं पत्नी राहत नाही, आणि अर्ध्या फ्लॅटचं शुल्क बाजारमूल्याच्या टक्केवारीनं, मुंबईत लाखांच्या घरात जातं. (स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो नोंदणी कार्यालयात विचारा.) ज्यांचा हुकूमनामा अजून व्हायचा आहे त्यांनी दस्त आधी आणि दुसरी मोशन नंतर, शक्यतो लगोलग, असा क्रम ठेवावा. ज्यांचा होऊन गेला त्यांनी शुल्क कोण भरणार हे अटींत लिहिलंय का ते पाहावं. नसेल तर दरखास्त लांबण्यापेक्षा स्वतः भरून पुढे जाणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

दरम्यान तो फ्लॅट तिसऱ्याला विकेल किंवा गहाण टाकेल ही भीती खरी असते. खटल्यातली मालमत्ता घेणारा निकालाला बांधील असतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. बृहन्मुंबईत मात्र त्यात एक खास अट आहे. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीप्रमाणे ‘लिस पेंडन्स’ची, म्हणजे मालमत्तेवर खटला चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली असेल तरच ते संरक्षण मिळतं. ती नोटीस नोंदवायला फार खर्च येत नाही आणि फ्लॅटचा शोध घेणाऱ्या कुठल्याही वकिलाच्या ती नजरेला पडते. दरखास्तीतच फ्लॅटवर जप्ती आणि हस्तांतराला मनाईही मागा.

सोसायटीलाही हुकूमनाम्याची प्रत जोडून पत्र द्या, पोच घ्या. नाव बदलायला कमिटी नोंदणीकृत दस्त, इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), मूळ शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याची खातरजमा मागेल. सेक्रेटरीशी गोड बोलून ठेवण्याचा फायदा कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, पण होतो. ताबाच मिळत नसेल, म्हणजे तो किंवा त्याचे नातेवाईक घर सोडत नसतील, तर नियम ३५ खाली ताब्याचं वॉरंट. बेलिफ जातो, गरज पडली तर पोलिस बंदोबस्त मागता येतो.

गृहकर्जाबद्दल गैरसमज सगळ्यात महाग पडतात. ‘कर्ज पती फेडेल’ ही अट तुम्हा दोघांत आहे, बँक त्यात पक्षकार नाही. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव असेल तर त्याचा हप्ता चुकल्यावर बँक तुम्हालाच फोन करते आणि सिबिल दोघांचा खाली जातो. घर वाचवायला तुम्ही हप्ते भरले, तर ते त्याच्याकडून परत मिळण्याची अट हुकूमनाम्यात असेल तर दरखास्तीत मागा. नसेल तर वेगळा दावा.

दागिने, आणि मुलांबद्दल एक वाक्य

दागिन्यांची यादी वजनासकट अटींना जोडलेली असेल तर विशिष्ट जंगम वस्तू म्हणून जप्ती मागता येते. यादी नसेल तर लग्नाचे फोटो, सराफाच्या पावत्या, आणि धीर. पोटगी थकली म्हणून मुलांची भेट बंद करू नका. दोन्ही हुकूम स्वतंत्र आहेत आणि भेट थांबवली की तुमची दरखास्त ऐकताना कोर्टाच्या मनात तो मुद्दा आधी येतो.

अवमान याचिका

अटींमध्ये कोर्टाला हमी दिली असेल आणि ती जाणूनबुजून मोडली असेल तर उच्च न्यायालयात दिवाणी अवमानाची याचिका करता येते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. मुदत एक वर्ष. तिची धास्ती मोठी असते, म्हणून वकील तिच्याकडे पटकन वळतात. माझ्या मते ती दरखास्तीच्या जोडीला ठेवावी. अवमानात माणूस माफी मागून, थोडे पैसे भरून सुटू शकतो, फ्लॅटवर तुमचं नाव मात्र दरखास्तीनंच लागतं.

समोरून काय येईल

‘नोकरी गेली.’ ‘ती आता कमावते.’ ‘तिनं दुसरं लग्न केलं.’ यातलं काहीही खरं असलं तरी रक्कम आपोआप थांबत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली परिस्थिती बदलल्याचा अर्ज करून आदेश बदलून घ्यावा लागतो. तोवर देणं चालू. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, तेव्हा ‘माझ्याकडून सही जबरदस्तीनं घेतली’ हे दरखास्तीत ऐकून घेतलं जात नाही. उलट बाजूनं, ‘पुढे कधीच पोटगी मागणार नाही’ असं लिहून दिलेल्या बाईनं हताश होऊ नये. कलम १२५ चा हक्क असा सोडून देता येत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयानं घेतलेली आहे.

वेळ किती? राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, उशीर झाला तर कारणं लिहावीत असं सांगितलं आहे. प्रत्यक्षात जास्त लागतो. तारीख पुढे जायला लागली की या निकालाचा दाखला देऊन लवकर सुनावणीचा अर्ज द्या. खर्चाची चिंता असेल तर महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महिलांना कोर्ट फी माफ आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला महिलेला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

अजून सही झाली नसेल तर

मग अर्धी लढाई कागदावरच लढता येते. घटस्फोटाच्या अर्जातच फ्लॅटचा पूर्ण तपशील घाला. ‘देईल’ या शब्दामागे तारीख, दस्ताचा प्रकार, मुद्रांक कोण भरणार, खाते क्रमांक हे सगळं लिहा. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय होईल, ही ओळ सोडू नका. कलम २५ मध्येच पोटगीची रक्कम स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करायची सोय आहे, ती मागा. दरवर्षी किती टक्के वाढ, ते ठरवून टाका. कर्जाच्या बाबतीत बँकेचं पत्र सहीआधी घ्या: सहकर्जदाराचं नाव कमी करतील का, कोणत्या अटीवर. आणि त्यानं नोकरी बदलली तर नव्या कंपनीचं नाव आणि पत्ता पंधरा दिवसांत लेखी कळवायचा, अशी एक अट टाका. पगारजप्तीचा हुकूम कुठे पाठवायचा, हे शोधण्यात महिने जातात.